बोटभर फट

मान जरा वर करा, मित्रांनो. तिकडे नाही, ती पाण्याची टाकी आहे. तिच्या डावीकडे छपरावर मातीचं वाकडं टोपडं दिसतंय ना, तो मी. आमच्या हैदराबादेत, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादेत, मला मंघ म्हणतात. माझी पाठ पक्क्या किल्ल्याकडे आहे आणि तोंड नैऋत्येला. समुद्रावरून निघालेला वारा मी तोंडात धरतो आणि घशातून खालच्या खोलीत सोडतो. माझं काम एवढंच. पण उन्हाळ्यात या गावात याहून मोठं काम कुणाचं नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

खेस, म्हणजे जाड सुती चादरी, विणणाऱ्या एका घरासाठी उस्ताद मिस्रीनं मला घडवलं. लाकडाची चौकट, तिच्यावर गवत कालवलेल्या मातीचा गिलावा आणि घशाशी एक लाकडी झडप. झडपेची दोरी खाली खोलीत लोंबायची. ओढून खुंटीला बांधली की झडप उघडी, सोडली की आपल्या वजनानं बंद. काम झाल्यावर घरमालकानं बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "उस्ताद, झडप नीट बसत नाही. बोटभर फट राहिली की!"

"राहिली नाही, ठेवली," उस्ताद म्हणाला. "झाकल्या घरालाही श्वास लागतो. ती बुजवायची असेल तर मंघ मी केला म्हणून सांगू नका कुणाला."

मला त्या फटीची फार लाज वाटायची, खरं सांगतो. थंडीत तिच्यातून गार झुळूक खाली उतरायची आणि रजईतून कुणीतरी मला शिव्या घालायचं. समोरच्या गल्लीतले मंघ कसे घट्ट मिटायचे! मला वाटे, मीही तसाच असायला हवा होतो.

त्या काळी किल्ल्यावरून पाहिलं तर घरं दिसायचीच नाहीत, आम्हीच दिसायचो, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले. मग फाळणीच्या वर्षी समोरच्या गल्लीतल्या लोकांनी दारांना कुलपं लावली, किल्ल्या शेजाऱ्यांच्या हातात दिल्या आणि "चेटच्या आत येतो" म्हणून निघून गेले. चेट महिना, म्हणजे तुमचा चैत्र, आला. आमच्याकडे वारा सुटला. समोरची एकही झडप उघडली नाही. पुढे त्या घरांत दूरच्या गावांहून नवी माणसं आली. त्यांतल्या एका भल्या माणसानं मंघाला धुराडं समजून त्याच्याखालीच चूल मांडली आणि घरभर धूर करून घेतला! सगळी गल्ली हसली होती. मला काही हसू आलं नाही. त्या जुन्या माणसांची मी अजून वाट पाहत होतो.

त्यानंतर काही वर्षांनी हुर्मत या घरात सून म्हणून आली. आमच्या घरची रीत अशी, की नव्या सुनेनं पहिल्या चेटमध्ये मंघ उघडायचा. सोळा वर्षांची पोर ती. दोन्ही हातांनी दोरी ओढली, तशी हिवाळाभराची धूळ तिच्या डोक्यावर! सासू हसून हसून बेजार झाली. हुर्मत मात्र डोळे मिटून, तोंड वर करून तशीच उभी राहिली. वारा तिच्या चेहऱ्यावर पडत होता. त्या दिवसापासून ती माझी आणि मी तिचा. पुढे साठ वर्षं, तिची स्वतःची सून आली तो एक चेट सोडला तर, दर चेटला दोरी तिनंच ओढली. भांडण झालं, मूल झालं, धनी गेला, सगळं ती माझ्याखाली उभी राहून मला सांगायची.

तिचा मुलगा बचल. त्याच्या काळात घरातला माग बंद पडला आणि तो मिळेल ते काम करू लागला. घर चालवलं ते त्याच्या बायकोनं, सभागीनं. ती बांगड्यांचं काम करायची. कारखान्यातून बांगड्या येतात तेव्हा त्यांची तोंडं उघडी असतात. दोन्ही टोकं ज्योतीवर तापवायची, जोडायची आणि पुढची घ्यायची. दिवसाला किती, याचा हिशेब मला येत नाही. पण ज्योत हलली की जोड वाकडा. म्हणून पंखा बंद, दार लोटलेलं, खिडकीला पोतं. आणि मी? मीही बंद.

इथेच बिनसलं. हुर्मत म्हणायची, "भर उन्हाळ्यात मंघ मिटतं का कुणी? लोक काय म्हणतील, घरात कुणी मेलं म्हणतील!"

"म्हणू देत लोकांना, अम्मा. लोक बांगड्या जोडायला येणार आहेत का माझ्याबरोबर?"

"मी मंघ उघडते."

"उघडा तर खरं!" सभागी ज्योतीवरून नजर न हलवता म्हणायची, आणि दोघी दिवसभर अबोला धरायच्या. संध्याकाळी काम संपलं की सभागी स्वतःच दोरी ओढायची आणि म्हणायची, "घ्या, आला तुमचा लाडका." मग दोघी माझ्याखाली पसरायच्या. वाईट नव्हत्या हो त्या.

त्या वर्षी रोजे भर जूनमध्ये आले. ईदेच्या बांगड्यांचा ढीग घरात पडला होता. उन्हानं पक्षी पडत होते. झडप मिटलेली होती, तरी माझ्या फटीतून झुळूक उतरायची आणि ज्योत वाकायची. एका दुपारी सभागीचे लागोपाठ तीन जोड वाकडे गेले आणि चौथ्याला बोट पोळलं. तेवढ्यात हुर्मत बोलून गेली, "माझा मंघ रागावलाय तुझ्यावर."

"तुमच्या मंघाच्या वाऱ्यानं पोट भरतं का अम्मा?" सभागी ओरडली. "साठ वर्षं वारा खाल्लात. एक बांगडी जोडून दाखवा त्या वाऱ्यानं!"

सभागी पोळलेलं बोट तोंडात धरून मुकाट रडत होती, ते हुर्मतनं पाहिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं सहरीचं खाणं आटोपलं आणि हुर्मत छपरावर आली. गुडघे धरून, एकेका पायरीवर थांबत. पदराखाली ओल्या मातीचा गोळा होता. तिनं ती माती माझ्या फटीत भरली, बोटांनी दाबली, पुन्हा दाबली. उस्तादाची गोष्ट तिला ठाऊक होती. सासूनंच सांगितली होती.

"गप्प राहा हं," ती मला म्हणाली. "सभागीला कळलं तर ती काढून टाकेल. हट्टी आहे."

आणि मित्रांनो, मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला! जन्मभराची फट बुजली, आता मीही घट्ट मिटतो, याचा मूर्खासारखा आनंद.

दुपारी सभागी म्हणाली, "अम्मा, बघा तरी, ज्योत कशी सरळ उभी आहे! वारा पडला वाटतं आज."

"पडला," हुर्मत म्हणाली. वर छपरावर वारा असा होता, की शेजारणीची ओढणी दोरीवरून उडून गेली.

"उकडतंय का तुम्हाला? ओसरीत जाऊन पडा की."

"मला कसलं उकडतंय! या वयात हाडंच थंड असतात. तू जोड, मी बांधते."

ती बांगड्यांच्या जुड्या बांधत राहिली. रोजा होता, पाण्याचा थेंब नाही. सभागीची पाठ तिच्याकडे होती. मला हुर्मतचा श्वास ऐकू येत होता, आधी मोठा, मग बारीक. मी वाऱ्यानं भरून फुटायला आलो होतो, आणि एक झुळूक खाली सोडता येत नव्हती.

मग बांगड्या फुटल्याचा आवाज आला.

"अम्मा? अहो अम्मा!" सभागीनं धावत येऊन दोरी ओढली. झडप हलेना. दोरीला लोंबकळली, तरी हलेना. तशीच अनवाणी तापल्या छपरावर पळत आली. वाळलेली माती तिला दिसली, आणि मातीत उमटलेली म्हातारीची बोटं दिसली, पाचच्या पाच. मग तिनं नखांनी ती माती उकरली. नखं तुटली, रक्त आलं. तिनं हातानंच झडप उघडली तसा सगळा वारा एकदम खाली कोसळला.

ती खाली पोचली तेव्हा हुर्मतनं डोळे उघडले होते. सभागीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. "अम्मा, हे काय केलंत? मला सांगायचं तरी!"

हुर्मतची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "ज्योत विझली की गं तुझी," ती म्हणाली.

शेजाऱ्याच्या रिक्षातून तिला नेलं. ती पुन्हा माझ्याखाली आली नाही.

आता सभागी सकाळी लवकर बसते आणि वारा सुटायच्या आत ज्योत मालवते. माल कमी होतो, पण कुणी काही म्हणत नाही. बोटं उमटलेला मातीचा एक तुकडा तिनं दोरीजवळच्या कोनाड्यात ठेवलाय. आजूबाजूला मजले चढलेत, माझ्यापर्यंत वारा निम्माच येतो. बचल मला पाडायचं म्हणतो, तेव्हा ती फक्त त्या कोनाड्याकडे बघते आणि विषय तिथेच थांबतो.

मला जपा असं सांगायला मी तुम्हाला थांबवलं नाही, मित्रांनो. माझं वय झालं. पण तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात बसून "मला नाही उकडत" म्हणालं, तर लगेच खरं मानू नका. जवळ जा, कपाळाला हात लावून बघा. मला हात नव्हते. आणि त्या दिवशी बोटभर फटही नव्हती.