फेरी पूर्ण होत नाही

कमलम्मांनी हातातल्या यंत्राची कळ अंगठ्याने दाबली आणि पडद्यावरचा प्रवासी देवळाच्या उत्तरेच्या भिंतीशी येऊन थांबला. समोर यज्ञेशने सकाळीच बसवलेला लालभडक बाण उघडझाप करत होता. कमलम्मांनी बाणाकडे पाहिलं, कौतुकाने मान हलवली आणि प्रवाशाला आल्या वाटेने माघारी वळवलं.

"बाण झकास काढलास बाबा," त्या म्हणाल्या.

यज्ञेशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वच्छ चष्म्यातूनही लॅपटॉपवरचा आकडा तोच दिसला. खेळणारे सदतीस, फेरी पूर्ण करणारे शून्य.

खेळ तसा साधा होता. देगलूरच्या पलीकडच्या या गावातलं महादेवाचं जुनं देऊळ त्याने दगड न् दगड मोजून संगणकात उभं केलं होतं. प्रवाशाने देवळाभोवती फिरायचं. मूर्तीजवळ गेलं की ती कोणाची, का घडवली, हे ऐकू यायचं. फेरी पुरी झाली की गाभाऱ्याचं दार उघडायचं. शाळेच्या खोलीत तीन दिवस गाव खेळत होतं आणि दार काही उघडत नव्हतं. आज तीन वाजता पुरातत्त्व खात्याचे भागवत साहेब येणार होते. त्यांना पसंत पडलं तर जिल्ह्यातल्या आणखी अकरा देवळांचे खेळ करायला मिळणार होते. नाहीतर दीड वर्षाची मेहनत लॅपटॉपमध्येच झोपणार होती.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हिशेबात कुठेतरी चुकून भिंत पुढे सरकली असेल. त्याने भिंत तपासली. मग वाटलं, लोकांना वाट दिसत नसेल. त्याने गवत काढलं, ऊन वाढवलं, बाण लावला, बाणाला घंटा जोडली. घंटा वाजली की लोक हात जोडायचे आणि परत फिरायचे.

तो उठला, वायर काढून पुन्हा खोचली, दारापर्यंत गेला, परत आला.

"अम्मा, तुम्ही पुढं का जात नाही?"

"कुठं पुढं?"

"बाण दाखवतोय तिकडं."

कमलम्मांनी शेजारी बसलेल्या मलप्पांकडे पाहिलं. मलप्पा रोज पहाटे देऊळ झाडायचे, त्यामुळे देवळाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. पण ते नखं बघत बसले.

"तिथं तीर्थ वाहतंय की रे," कमलम्माच म्हणाल्या. "पिंडीवरचं पाणी गोमुखातनं तिथंच भायेर पडतंय. महादेवाचं तीर्थ ओलांडत न्हाईत. तिथवर जायाचं, माघारी फिरायचं, आन् दुसऱ्या अंगानं पुन्ना तिथवर यायाचं. झाली फेरी."

"पण हा खेळ आहे, अम्मा."

"खेळ असंल. देऊळ तर आमचंच काढलास की."

यज्ञेश खाली बसला. त्याची अकरावी-बारावी लातूरच्या क्लासमध्ये गेली होती. त्या काळात देवळात जायचं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी, समोरून हात जोडायचे आणि धावत अभ्यासिका गाठायची. देवाला मागची बाजू असते हे त्याला मापं घेतानाच कळलं होतं.

"म्हणजे मी मापं घेत होतो तेव्हा..." तो मध्येच थांबला.

"ओलांडलास की. लई बार. मी न्हाई मोजलं, मलप्पानं मोजलं."

"त्रेसष्ट," मलप्पा नखांवरची नजर न हलवता म्हणाले.

"मग बोलला का नाहीत कोणी?"

"एवढं मन लावून काम करून राहिला होतास," कमलम्मा म्हणाल्या. "म्हटलं, कशाला परेशान करायचं लेकराला."

यज्ञेशने लॅपटॉप मांडीवर ओढला. बदल फार मोठा नव्हता. गोमुखापर्यंत जाऊन परतायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवर यायचं, की दार उघडेल. सरळ ओलांडून गेलं तरी उघडावं, अशीही सोय त्याने करून पाहिली. ती एकदा वाचली आणि खोडून टाकली. बाणही काढला. मग यंत्र कमलम्मांच्या हातात दिलं.

दार उघडलं. कमलम्मांनी आधी यंत्र खाली ठेवलं, मग डोईवर पदर घेतला.

साहेब साडेतीनला आले, तोवर खोलीतल्या एकूण एकाचं दार उघडून झालं होतं. फाईल टेबलावर ठेवून, बूट वाजवत पडद्यापुढे बसले आणि झपाझप निघाले. मूर्ती आपापली माहिती सांगायला तोंड उघडत तोवर साहेब पुढच्या मूर्तीपाशी. उत्तरेची भिंत आली तशी गेली. फेरी झाली. दार बंद. दुसरी झाली, बंद. तिसऱ्या फेरीत खोलीतल्या बायका पदराआड हसू लागल्या. एक वाक्य बोललं की काम भागणार होतं. ते वाक्य दोनदा यज्ञेशच्या ओठांपर्यंत आलं.

"अडकतंय हे तुमचं," साहेब म्हणाले. "असं कसं पास करायचं? यांच्यातल्या कोणाचं उघडलं का?"

"समद्यांचं, सायेब," मलप्पा म्हणाले.

"मग माझंच का नाही?"

साहेबांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, यज्ञेशकडे पाहिलं. यज्ञेशने खाली पाहिलं.

कमलम्मा गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला, दावते."

"इथंच दाखवा ना, खेळात."

"खेळात कशाला? देऊळ हे काय, समोरच हाय की."

साहेब घुटमळले. गाव बघत होतं. शेवटी ते उठले आणि कमलम्मांच्या मागून बाहेर पडले. फाईल टेबलावर राहिली, सहीच्या जागी कोरी. मलप्पा गेले, बायका गेल्या, खोली रिकामी झाली.

यज्ञेश खुर्चीत बसला, उठला, फाईलीला हात लावला, काढून घेतला आणि खिडकीशी गेला.

देवळाच्या पायरीपाशी साहेबांचे बूट होते, आत मोजे खोचलेले. साहेब अनवाणी उत्तरेच्या भिंतीशी उभे होते. कमलम्मा बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि त्यांचा पुढे पडलेला उजवा पाय हळूच मागे आला.