आधी तुमी, आप्पा

“जल्दी करो, भई! धूप चढ रही है,” तहसीलदारसाहेब खुर्चीतून म्हणाले, आणि राधाकिशननं हातातली सुपारी आप्पा देशमुखांच्या पुढ्यातल्या पंचावर ठेवली.

चौसाळ्याच्या चावडीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मागे बसलेल्या त्याच्या दोस्तानं, सटवानं, कपाळावर हात मारून घेतला. कारण राधाकिशन स्वतःच उभा होता हो! शेजारी अंथरलेला दुसरा पंचा त्याचाच होता. आणि गड्यानं मत दिलं कुणाला, तर ज्याला पाडायचं त्याला.

आमच्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. कोण कधी आमदार झाला, कुणी कुणाला पाडलं, डिपॉझिट कुणाचं गेलं, सगळं घडाघडा सांगतील. पण त्यांची गाडी सुरू होते निजाम गेल्यावर. त्याआधी मत कशाला म्हणतात हेच इथं कुणाला कळत नव्हतं, असं म्हणतात. कळत नव्हतं हे खरंच. म्हणून तर माझा चुलत आजा हरला.

राधाकिशन म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. घरची शेती, चारचौघांत मान, आणि स्वभाव इतका भिडस्त की बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला तर हाच आधी माफी मागायचा आणि मग बैल हाकायचा. निजामाच्या राज्यात एका साली तहसीलदारसाहेबांच्या मनात आलं, की गावोगावच्या कामांना पैसा देणाऱ्या लोकलफंडाच्या कमिटीवर ह्या भागाचा मेंबर आपण नेमण्यापेक्षा पट्टेदारांनीच ठरवावा. पट्टेदार म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन, ते. बायांना, गडीमाणसांना कोण विचारतो! लिहिता येणारे थोडे, म्हणून दोन पंचे अंथरले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सुपारी दिली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की होते, मग मेंबर का होऊ नये?

राधाकिशनला मेंबरकीची हौस नव्हती. त्याला गावात विहीर हवी होती. प्यायचं पाणी एकाच बारवेचं. बाया पायऱ्या उतरून पाण्यात शिरायच्या, घागर बुडवायच्या. नारू झालेले पाय त्याच पाण्यात पडायचे आणि तेच पाणी सगळे प्यायचे. मग पुढच्या साली आणखी कुणाच्या तरी पायातून तो दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर यायचा. बायनाबाईला, म्हणजे राधाकिशनच्या बायकोला, तर तो दर उन्हाळ्यात. सरकारी डाक्टर बजावून गेला होता, की पाण्यात पाय पडता कामा नये, वरून पोहऱ्यानं शेंदायची विहीर बांधा. ती बांधायची लोकलफंडानं. आणि आप्पा देशमुखांना लोकलफंडातून हवी होती आपल्या मळ्यापर्यंत सडक.

सकाळी निघताना बायनाबाईनं त्याला उंबऱ्यात अडवलं होतं.

“आज तरी मागं सरू नका बरं का. भिडंभिडंनं सारं घालवून येता तुमी.”

“न्हाई घालवत.”

“ह्यो पाय बगा आन् मंग जा.”

त्यानं सुजलेल्या पायाकडं पाहिलं आणि खाली मान घालून तो निघाला.

चावडीत त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सुपारी हातातच राहिली. पंगतीत कुणी आपल्या हातानं आपल्याच पानात वाढून घेतं का? शेजारच्याला ‘आधी तुमी’ म्हणायचं, मग तो आपल्याला म्हणतो. ही रीत त्याच्या हाडात मुरलेली. समोर आप्पा, वयानं मोठे, नात्यानं लांबचे सोयरे. स्वतःलाच सुपारी ठेवणार कसा? “आधी तुमी, आप्पा,” म्हणून त्यानं ती त्यांच्या पंचावर ठेवली, आणि आता आप्पा आपली सुपारी इकडं ठेवतील म्हणून निर्धास्त बसला.

आप्पांची पाळी शेवटी आली. ते उठले, मिशीवरून हात फिरवला आणि सुपारी आपल्याच पंचावर टाकली.

“आप्पा, ही कोन्ती रीत?” सटवा ओरडला.

“आरं, राधाकिशनरावासारख्या भल्या मानसानं मला पसंत केलं,” आप्पा हसून म्हणाले. “आता त्येंची पसंती म्या कशी मोडू?”

चावडी खो खो हसली. “वाह, देशमुखसाब!” म्हणत तहसीलदारही हसले. राधाकिशनसुद्धा हसला, आणि तेच मला आजही खुपतं. सुपाऱ्या मोजल्या तेव्हा त्याच्या पंचावर एक कमी भरली.

वाटेत सटवानं त्याला धरलं. “कावून केलंस बे असं?”

“मला वाटलं, आप्पा रीत पाळतील.”

“ती काय पंगत व्हती का? मेंबरकी व्हती बे ती!”

घरी बायनाबाई दारातच बसलेली. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“येका सुपारीनं?”

“व्हय.”

“आन् ती तुमचीच?”

राधाकिशन उंबऱ्यावर टेकला.

“तुमची रीत ऱ्हायली जी,” ती म्हणाली, “माजा पाय गेला.”

आणि खरंच गेला. त्या उन्हाळ्यात नारू गुडघ्याशी निघाला, पाय आखडला तो कायमचा. बायनाबाई पुन्हा कधी सरळ उभी राहिली नाही. राधाकिशनचा जीव तिळतिळ तुटला. रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं त्याला, पण ती त्या विषयावर परत चकार शब्द बोलली नाही.

मग घागर त्यानं उचलली. बायको जिवंत असताना पुरुषानं डोक्यावर पाणी वाहायचं, हे आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं. बारवेवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

“ठिवा ती खाली,” बायनाबाई कळवळून म्हणायची. “लोकं काय म्हन्तील?”

“म्हनू दे. लोकायचं आयकूनच बसलो इतके दिस.”

आप्पांची सडक झाली. नेमकी बारवेला वळसा घालून गेली. एका सकाळी राधाकिशन भरली घागर घेऊन चढ चढत होता, तेवढ्यात आप्पांचा छकडा खुळखुळत आला. आप्पांनी तो मुद्दाम थांबवला, आणि वरूनच हात जोडले.

“राम राम, राधाकिशनराव!”

बारवेवरच्या बाया बघायला लागल्या. घागर खाली ठेवून दोन्ही हात जोडता आले असते. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं.

त्यानं घागर ठेवली नाही. मान न वळवता तो छकड्यासमोरून सडक ओलांडून घराकडं गेला.