शेंदूर फासलेला दगड आणि मी

मित्रांनो, मी एक जुना गतिरोधक आहे. तेर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वस्तीच्या तोंडाशी आडवा पडलेला डांबराचा उंचवटा. लोक मला ब्रेकर म्हणतात आणि गुटख्याची पिचकारी मारून पुढे जातात. मला माणसांची किळस आली आहे.

पूर्वी असं नव्हतं. इथला रस्ता नवा झाला, चांगला रुंद आणि सरळ. असा रस्ता दिसला की गाडीची मूठ आपोआप पिळली जाते, मग वेगाची पाटी कोण वाचतो? एका मोटारसायकलने इथल्या म्हाताऱ्या धोंडप्पांचा पाय मोडला, तेव्हा वस्तीने रस्ता अडवून मला मागून घेतलं. अंगावर पांढरे पट्टे होते तोवर लोक मला लांबूनच ओळखत आणि हळू होत. म्हातारी माणसं मला दुवा देत. पट्टे पुसले गेले, ते पुन्हा कुणी रंगवले नाहीत.

मग लोकांना माझी फट सापडली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून माझ्या एका कडेला थोडी जागा मोकळी सोडली होती. मोटारसायकली तिथून सुळकन निघू लागल्या. तिथंच हरणाबाई पेरूची पाटी घेऊन बसायची. म्हणजे वेग होता तेवढाच राहिला, फक्त तिच्या अंगावर आला.

एकदा वस्तीतल्याच गौरीशंकरच्या गाडीने तिची पाटी उडवली. पेरू घरंगळत माझ्यापर्यंत आले.

"लेकरा, ब्रेकर तिकडं हाय. हितं म्या बसते," हरणाबाई म्हणाली.

"आजी, त्याच्यावरनं गाडी लई आपटती. तुम्हीच जरा मागं सरा की."

ती बिचारी सरली. गाड्यांनी तीही जागा बळकावली. पुढच्याच आठवड्यात कुणाचा तरी आरसा तिच्या कोपराला लागला. तेव्हा तिने घरून शेळी बांधायचा दगड ओढत आणला, फटीत उभा केला आणि त्याला शेंदूर फासला.

मित्रांनो, त्या दिवसापासून एकही गाडी फटीतून गेली नाही. सगळ्या माझ्यावरून, हळू जातात. गौरीशंकर तर हँडलवरचा एक हात काढून कपाळाला लावतो. परवा थांबून त्याने विचारलं, "आजी, कोणता देव हाय हा?"

"माझ्या शेळीला इचार. तिचं दावं ह्यालाच असायचं."

तो हसला आणि जाताना पुन्हा पाया पडला. मला अगदी शिसारी आली.

माझे पट्टे रंगवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि रस्त्याकडेला माणूस दिसलं तरी हळू व्हा. त्यासाठी हरणाबाईने स्वतःला शेंदूर फासून बसायचं का?