लेकीचं पान

टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपून जमाना लोटला, तरी गल्लीत त्यांना अजून हॅलोबाईच म्हणत. परदेशातल्या लेकीने पाठवलेल्या वाचनयंत्राला त्या 'पाटी' म्हणायच्या. करड्या पडद्यावर काळी अक्षरं, डोळ्यांना न टोचणारी, हवी तेवढी मोठी करून घ्यावीत. फक्त पान उलटताना सवयीने बोट जिभेला लागायचं, आणि ओल्या बोटाला पाटी दाद द्यायची नाही.

खातं लेकीचं, त्यामुळे पुस्तकं दोघींची एकच. पाटी उघडली की आधी चौकट यायची: 'दुसऱ्या यंत्रावर याच्या पुढच्या पानापर्यंत वाचन झाले आहे. तिथे जायचे?'

सुरुवातीला त्यांनी फोनवर कुरकुर केली. "तुझी ही पाटी मला सारखी पुढे ढकलते."

"ती मी असते गं आई. झोपताना वाचते ना."

"शाळेत असताना पुस्तक धरायला मुहूर्त लागायचा तुला."

पण मग त्या चौकटीची वाट बघू लागल्या. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर दिवा लागला की पलीकडे कुणीतरी आहे हे कळायचं. जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. चौकट तशीच. लेकीचा फोन क्वचित यायचा, पण रोज सकाळी कळायचं, काल तिने निवांत पडून चार पानं वाचली. 'नाही'वर बोट ठेवून हॅलोबाई मुद्दाम रेंगाळत वाचायच्या. लेकीच्या पुढे जाऊन कसं चालेल?

एका सकाळी चौकट आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात पाल चुकचुकली. चहा तसाच ठेवून त्यांनी फोन लावला.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, पाटीवर तुझं काही दिसलं नाही."

"अगं, तुझं खातं वेगळं केलं मी. पुस्तकं सगळी तीच आहेत. वैतागली होतीस ना? आता मध्येमध्ये कुणी येणार नाही. बरं झालं की नाही?"

पलीकडे कुणीतरी लेकीला हाक मारली.

"बरं झालं," हॅलोबाई म्हणाल्या. "जा, बोलावतायत तुला."

फोन त्यांनी नेहमीसारखाच पलीकडचा आवाज बंद झाल्यावर ठेवला. मग पाटी उघडली. पान थेट समोर आलं. ते संपल्यावर बोट जिभेला लागलं, त्यांनी ते पुसून कोरडं केलं आणि पान उलटलं. आधीची अक्षरं क्षणभर पुसट मागे राहिली.

आता कुणाच्या पुढे जायची भीती नव्हती.