ओल्या दोराचे हातमोजे

"जरा पाणी मिळेल का?" बबनरावांनी विचारलं.

पिंपरी कॅम्पातल्या खेळाच्या दुकानात काउंटरवर हातमोज्यांचा ढीग पडला होता. दुकानदाराने पाण्याची बाटली पुढे केली. बबनराव प्यायले नाहीत. त्यांनी एक मोजा हातात चढवला आणि तळव्यावर पाणी ओतलं.

"काका, भिजवलात तर घ्यावा लागेल."

"घेतो की. ओला झाल्यावर दोर धरतो का, तेवढं बघू द्या."

शेजारी त्यांची मुलगी रुपाली ओशाळून हसली. चाकणच्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती आणि दर रविवारी पवना धरणावर शिडाची होडी शिकायला जायची. गेल्या खेपेला वाऱ्याने शीड ओढलं, दोर हातातून सरकला आणि तळवे सोलवटून निघाले. घरी ती वरणभात चमच्याने खाऊ लागली, तेव्हा बबनरावांनी तिचा हात उलटा करून पाहिला. सकाळी म्हणाले, "चल बाय, मोजे बघू."

ओल्या मुठीत त्यांनी दोरीउड्यांची दोरी धरली. "ओढ."

रुपालीने ओढली. दोरी सुळकन निसटली.

"मग हे घ्या, सगळ्यात मजबूत," म्हणत दुकानदाराने जाड चामड्याचा जोड काढला. बबनराव त्याची बोटं एकेक करून वाकवत राहिले.

"पप्पा?"

"असाच जोड मी आबांना नेला होता," ते म्हणाले.

दाभोळच्या खाडीत बबनरावांच्या वडिलांचा, आबांचा, शिडाचा मचवा होता. त्यांचे तळवे इतके राठ, की चुलीतला निखारा उचलून ते विडी पेटवत. बबनचे हात मात्र दोराने सारखे फाटायचे. एका संध्याकाळी त्यांवर खोबरेल तेल चोळता चोळता आबा म्हणाले होते, "तू पिंपरीला मामाकडं जा. कंपनीत हातमोजे देतात म्हणं."

बबन भोसरीला लागला, लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात. पहिल्या सुट्टीला त्याने कंपनीतला एक कोरा जोड न वापरता गावी नेला. आबा तो घालून मचव्यावर गेले. किनाऱ्यावरची माणसं हसली, तरी काढला नाही. खाऱ्या पाण्यात चामडं भिजलं, उन्हात वाळून लाकडासारखं झालं. बोटं अर्धवट मिटलेली तशीच राहिली.

"तुझ्या कंपनीत पानी नसंल," आबा एवढंच म्हणाले, आणि जोड पडवीत खुंटीला लावून ठेवला. पुढे खाडीत इंजिनाच्या होड्या आल्या, मचवा वाळूवर चढला तो चढलाच. आबा गेले तेव्हा बबनराव सेकंड शिफ्टला होते.

"चामड्याचे नकोत," बबनराव दुकानदाराला म्हणाले.

शेवटी त्यांनी पातळ जोड निवडला. तळव्याला दुहेरी कापड, अंगठा आणि पहिलं बोट टोकाला उघडं. त्यांनी तोही भिजवला. या खेपेला दोरी जागची हलली नाही.

रुपालीने तो हातात चढवून पाहिला. "घट्ट होतायत पप्पा."

"असू देत. ओले झाले की सैलावतील. सैल मोज्याची घडी पडते, अन् ती घडीच हात कापते."

"आणि ही बोटं उघडी?"

"गाठ सोडायची वेळ आली तर?"

रुपालीने उघडी बोटं मिटून बघितली. "रविवारी तुम्ही पण चला," ती म्हणाली.

"मी कशाला," म्हणत म्हणत रविवारी तेही गेले.

धरणावर वारा बेताचा होता. होडी शिकवणारा कुलदीप म्हणाला, "काका, सुकाणू धरता?"

बबनरावांनी नकारार्थी मान हलवली. "हिला द्या. मी पुढं बसतो."

नव्या मोज्यांत दोर धरून रुपाली मागे बसली. शीड भरलं, होडी कलली, आणि बबनराव न सांगता वरच्या अंगाला सरकले. लहानपणी मचव्यावर ते असेच पुढे बसायचे, पाण्याकडे तोंड करून. मागून फक्त दोर ओढल्याचा आवाज यायचा, आणि मागे कोण आहे ते बघायची कधी गरज पडायची नाही.

"पप्पा, बरं वाटतंय ना?"

त्यांनी हात वर केला. काठ येईपर्यंत मागे वळून मात्र पाहिलं नाही.