गुलाबांच्या रांगेतलं स्पेकबूम

मित्रांनो, मला इथे स्पेकबूम म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत, कारूच्या कोरड्या मुलखातल्या एका लहान गावात, सीना यान्ट्जीसच्या घरापुढे मी उभा आहे. माझं खोड जाड, पानं नखाएवढी आणि गुबगुबीत, बारा महिने हिरवी. हल्ली बोलायचंही जिवावर येतं. पण तुम्ही आलाच आहात, तर सांगतो.

सीनाचा नवरा अब्राम दगडाच्या खाणीत कामाला होता. डोंगरावरून येताना त्याने माझी फांदी मोडून आणली. जखम सुकेपर्यंत ओसरीवर ठेवली, आणि मग गुलाबांच्या रांगेत जिथे एक रोप मेलं होतं तिथे खोचली.

"अरे, गुलाबांत शेळ्यांचा चारा लावतोस?" सीना कडाडली.

"राहू दे गं. पाणी मागणार नाही, कुरकुर करणार नाही. तुझ्यासारखं नाही ते!"

तिने हातातलं ओलं फडकं त्याच्यावर फेकलं. ते माझ्यावर पडलं. तेच माझं पहिलं पाणी.

पुढची वर्षं तशीच गेली. बादली गुलाबांना, कौतुकही गुलाबांना. चर्चला जाणारी माणसं कुंपणाशी थांबून त्यांनाच पाहायची. माझ्यावर मोजे वाळत पडायचे. अब्राम मात्र रोज सकाळी माझं एक आंबट पान तोंडात टाकून कामाला जायचा. मग तो खोकू लागला, आणि एका हिवाळ्यात गेला.

त्याच्यामागून दुष्काळ आला. नळ कोरडे पडले. सीना भांडी धुतलेलं पाणी गुलाबांना घालत राहिली, तरी ते एकेक करून वाळले. दारात अब्रामची शेवटची शेळी उरली होती, बोंती. पोटात करडू, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. खाटीक दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा तो फाटकाशी दिसला तेव्हा सीना सुरी घेऊन बाहेर आली आणि माझ्या फांद्या कापून तिने बोंतीपुढे टाकल्या.

"जा बाबा तू," ती खाटकाला म्हणाली. "ही खातेय अजून."

मला दुखलं. पण बोंती व्याली, आणि त्या रात्रीच्या थंडीत करडू उभं राहिलं, तेव्हा मलाही बरं वाटलं.

मग गल्लीतल्या इतर शेळ्यांसाठीही माणसं येऊ लागली. सीना नाही म्हणेना. मी फुटायचो, ते कापायचे. पुन्हा फुटायचो, पुन्हा कापायचे. अशातच सीना आजारी बहिणीकडे राहायला गेली. परत आली तेव्हा मी नुसतं खोड उरलो होतो. शेजारची माख्रीट, सीनाला टानी म्हणजे मावशी म्हणणारी, शेवटची डहाळी टोपलीत टाकत होती.

"माख्रीट! अगं, काही ठेवशील की नाही?"

"एवढं काय झालं, टानी सीना? स्पेकबूमच ना ते! त्याला काय होतंय? फुटेल परत."

सीना मटकन पायरीवर बसली. "अब्रामलाही सगळे हेच म्हणायचे. त्याला काय होतंय! जड दगड असला की अब्रामला बोलवा. मीसुद्धा म्हणायचे गं. खोकायचा, तरी म्हणायचे."

माख्रीटने टोपली खाली ठेवली.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा माझ्या वाटणीची बादली मिळाली. ते पाणी प्यायचीही ताकद माझ्यात नव्हती. हळूहळू मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सीनाने माझ्याभोवती काटेरी फांद्या रोवल्या. वाळलेले गुलाब एकेक उपटले. रडली, पण उपटले. माझ्या अंगावर दोन बोटं पालवी दिसायला फार दिवस गेले. मग वाढलेल्या फांद्यांतून तिने प्रत्येक घराला एकेक दिली.

"आधी लावा," ती सांगायची, "मोठं होऊ द्या, मग कापा. आणि निम्मं ठेवा."

माख्रीटने आपली फांदी स्वतःच्या दाराशी लावली.

आता गल्लीत माझी पोरंबाळं आहेत. मी मात्र थकलो आहे, मित्रांनो. जुन्या जखमा थंडीत ठणकतात. तुमच्या बागेतही असं एखादं न मागणारं झाड असेल. घरात तसं एखादं माणूसही असेल. ते तग धरतं, हे खरं. पण तग धरताना तेही दमतं. फांदी तोडण्याआधी जरा थांबा, त्याच्याकडे नीट पाहा. आणि कधीतरी, त्याने मागितलं नाही तरी, त्याला पाणी द्या.