सित्त बहीगाच्या गाण्याचे कापलेले तुकडे

मी कापून काढलेली टेप बोलतेय. माझा उरलेला भाग कॅसेट होऊन कैरोच्या दुकानांत मिरवतोय. त्याचं कौतुक त्याला लखलाभ. मी कैरोतल्याच शुब्रा वस्तीत, गायिका सित्त बहीगाच्या पलंगाखाली, हलव्याच्या डब्यात आहे. सित्त म्हणजे बाईसाहेब.

तरुणपणी बहीगाच्या तबकड्या निघायच्या. एका बाजूला जेमतेम चार मिनिटं, की गाणं संपलं. "गळा आवळून गायला लावतात मेले," ती म्हणायची. म्हणून एका गुरुवारच्या मैफलीत तिने स्वतःच मला, लांबलचक टेपला, रेकॉर्डिंगच्या यंत्रावर चढवायला लावलं.

तिने एक ओळ म्हटली. "अल्लाह! पुन्हा, सित्त, पुन्हा!" लोक ओरडले. तिने पुन्हा म्हटली, पण तशीच नाही. सूर वळवला, शब्द लांबवला, रुसल्यासारखी मध्येच थांबली. एक जण खुर्चीवर चढला. "आम्हाला घरी जाऊ देणार नाहीस का गं?"

"जा की! दार उघडंच आहे," ती म्हणाली आणि तीच ओळ अशी घेतली, की तो मटकन खाली बसला.

पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा गाता आवाज गेला. मग तिचा मुलगा शौकत मला एका कॅसेट कंपनीत घेऊन गेला. बहीगाही हट्टाने मागोमाग आली. तिथला साहेब अदहम परदेशात शिकून आलेला. येताना कान मात्र तिकडेच विसरलेला.

"एकच ओळ किती वेळा? हे कापू. हा आरडाओरडाही."

"अरे, ते ओरडले म्हणून तर मी गायले!" बहीगा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते काढलंस तर उरलं काय? पाठांतर?"

"आई, तू गप्प बस. साहेबांना कळतं."

कळतं म्हणे! कचाकच कात्री चालली. वर त्या शहाण्याने शेवटी दुसऱ्याच मैफलीतल्या टाळ्या चिकटवल्या. आणि लोक म्हणतात, काय स्वच्छ रेकॉर्डिंग! ताटही धुतल्यावर स्वच्छच असतं. त्याने पोट भरतं का?

बहीगाने माझे तुकडे जमिनीवरून शालीत गोळा केले, घरी आणून चिकटपट्टीने जोडले. क्रम चुकला, पण जीव राहिला.

काल शौकत माझा डबा कचऱ्यात टाकायला निघाला. "झुरळं होतील, आई." तिने डबा हिसकावला आणि मला यंत्रावर लावलं. आधी ओरडा आला, मग ओळ. मेलेली माणसं "पुन्हा, सित्त!" म्हणत होती आणि ती त्या फाटक्या गळ्याने त्यांच्यासाठी गात होती. रडत नव्हती, हसत होती.

शौकत दारात उभा होता. इतकं ऐकून म्हणाला काय, तर "आई, खिडकी लाव, शेजारी ऐकतील."

डब्याला मात्र त्याने परत हात लावला नाही. एवढीच त्याची अक्कल, तीही उशिराची.

मी आता ठिसूळ झालेय. लावलं की कुठेतरी तुटते. ऐकायचं असेल तर लवकर या, आणि आवडलं तर मोठ्याने ओरडा, बहीगा वाट बघतेय. तोंडाला कुलूप लावून ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरीच बसावं.